आहे, पण सापडत नाही

आमच्या गावाच्या नावात दोन गावं आहेत. जळगाव हे आमचं, आणि जामोद हे शेजारचं, सातपुड्याच्या अंगाला असलेलं वेगळं गाव. खानदेशातल्या जळगावाशी घोळ होऊ नये म्हणून कधीतरी लोकांनी शेजाऱ्याचं नाव आमच्या नावाला जोडलं आणि ते चिकटलं. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही हेच कारण दिलंय. आईन-इ-अकबरीत हे परगण्याचं ठिकाण म्हणून येतं, म्हणजे गाव काही कालपरवाचं नाही. तरी ऑनलाइन फॉर्मच्या यादीत नुसतं 'जळगाव' दिसतं, घाईत माणूस तेच निवडतो आणि पार्सल निघतं खानदेशाकडे. माझी एक हार्ड डिस्क अशीच नऊ दिवस तिकडे पाहुणचार घेऊन आली. त्या नऊ दिवसांत कुरिअरच्या साइटवर रोज एकच ओळ होती: पत्ता सापडला नाही.

मी होतो, घर होतं, दारावर पाटीही होती. शोधणारा दुसऱ्या जिल्ह्यात उभा राहून शोधत होता, इतकंच.

'नाही' आणि 'सापडत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे लहान पोरालाही हा फरक कळतो. वही सापडत नाही म्हणणाऱ्याला आई सांगते, "डोळे उघडून पाह्य, तिथंच हाये." संगणकाला हा फरक पन्नास वर्षांत नीट शिकवता आलेला नाही. प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या आठवड्यातच त्याला असा निरोप आलेला असतो की अमुक अवजार तुमच्या संगणकावर नाही, आणि त्याने ते अवजार आदल्या रात्रीच, दोन दिवसांचा डेटा खर्चून टाकलेलं असतं. या एका निरोपामागे बराच इतिहास आहे. पण त्याआधी गावाच्या पत्त्याचा इतिहास थोडा पुढे नेतो, कारण गोष्ट तीच आहे.

१८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. आमचा तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात असायचा. ऑगस्ट १९०५मध्ये खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. वरच्या पायरीवरही हलवाहलव चालूच होती. १९०३मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं, १९५०नंतर आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. एकाच वाड्यात जन्मून त्याच वाड्यात म्हातारा झालेल्या माणसाचा पूर्ण पत्ता आयुष्यात चार वेळा बदलला. गाव एक वीतभरही सरकलं नव्हतं.

असं असताना पत्रं पोचायची कशी? पोस्टातल्या माणसांच्या डोक्यात जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते असायचे म्हणून. पत्रांचा ढीग वाढला आणि डोकी पुरेनाशी झाली तेव्हा आकडे आले. १५ ऑगस्ट १९७२ला देशात पिनकोड सुरू झाला. ती कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात कविता, नाटकं लिहिणारे लेखक. एकाच नावाची अनेक गावं, एकाच गावाची वेगवेगळ्या लिप्यांत वेगवेगळी नावं, वाचता न येणारी अक्षरं: या सगळ्यावर सहा आकड्यांचा उतारा. आमचा आकडा ४४३४०२. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गोवा आणि आता छत्तीसगड. ४४ म्हणजे विदर्भ. मग एकेक आकडा जवळ आणत शेवटी आमच्या पोस्टाच्या दारात सोडतो. गंमत म्हणजे खामगाव आणि शेगाव जिल्ह्याने बुलढाण्यातले, पण त्यांचा पिन अकोल्यासारखा ४४४ने सुरू होतो. महसूल खात्याचा जिल्हा आणि पोस्टाचा जिल्हा एकच असावा असा काही नियम नाही. जो तो आपल्या सोयीचा रस्ता आखतो.

रस्ता हाच शब्द संगणकवाल्यांनीही घेतला. पाथ.

अमेरिकेत, बेल लॅब्समध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची १९७०च्या सुमारास युनिक्स घडवत होते. यंत्राला जोडलेल्या डिस्कवर आजच्या मोबाइलचा एक फोटोही जेमतेम मावला असता. पहिली डिस्क भरली. मग दुसऱ्या डिस्कवर, जिथे वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या फाइली असायच्या त्या 'यूएसआर' नावाच्या कप्प्यात, प्रोग्रामही ठेवायला सुरुवात झाली. त्यामुळे प्रोग्रामची दोन घरं झाली: 'बिन' आणि 'यूएसआर/बिन'. यामागे फार विचार होता असं नाही. घरात धान्याची कोठी भरली की एक पोतं माजघरात ठेवतात, तसं. पण मग 'प्रोग्राम कुठे आहे' हा प्रश्न जन्माला आला. १९७५च्या सहाव्या आवृत्तीतला शेल, म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्राम, आधी दिलेल्या नावाने बघायचा, मग 'बिन'मध्ये आणि मग 'यूएसआर/बिन'मध्ये. तिन्हीकडे नसेल तर हात वर. ही तीन ठिकाणं त्याच्या पोटातच लिहिलेली होती. १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला आणि त्यात ठिकाणांची यादी वापरणाऱ्याच्या हातात आली. त्या यादीचं नाव पाथ. ती आजही तुमच्या लॅपटॉपवर आहे आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे.

आजवरच्या 'सापडत नाही' या निरोपांपैकी निम्मे तरी या यादीमुळे आलेत, असं माझं मत आहे. वस्तू यादीबाहेरच्या ठिकाणी असते. यंत्र यादीतली ठिकाणं बघतं आणि प्रामाणिकपणे सांगतं की मला दिसली नाही. यादीबाहेर जग आहे हे त्याला माहीतच नसतं.

महाराष्ट्रात या दुखण्याशी बहुतेकांची पहिली भेट झाली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. बोर्लंड कंपनीचं टर्बो सी १९८७मध्ये बाजारात आलं, पुढे टर्बो सी प्लस प्लस आलं, आणि कंपनीने जगात त्याचा नाद सोडल्यावरही आपल्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांनी तो पुढे कित्येक वर्षं सोडला नाही. टेबलावर पुस्तक असायचं यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. कानेटकर नागपूरचे. विदर्भातल्या लेखकाचं सगळ्यात जास्त हातांनी हाताळलेलं पुस्तक कोणतं याची कधी मोजदाद झाली, तर साहित्यिक मंडळींना धक्का बसेल. पुस्तकातला पहिला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवायचा, चालवायचा, आणि पडद्यावर तांबडी ओळ: 'स्टडीआयओ डॉट एच' ही फाइल उघडता येत नाही.

फाइल असायची. कुणीतरी पेन ड्राइव्हवरून अख्खं फोल्डर आणून डी ड्राइव्हवर टाकलेलं असायचं, आणि टर्बो सी मात्र आपल्या जुन्या नोंदीप्रमाणे सी ड्राइव्हवरच्या 'टीसी'त शोधत बसायचा. उपाय मेनूत होता. ऑप्शन्स, मग डिरेक्टरीज, आणि तिथल्या दोन चौकटींत खरा पत्ता लिहायचा. लॅबमध्ये हे माहीत असलेला एखादाच असायचा आणि त्याला वर्षभर भाव असायचा. बाकीचे काय करायचे? पुन्हा टाकायचे. काढून टाकायचे, पुन्हा टाकायचे, नशिबाने एकदा सी ड्राइव्हवर पडायचं आणि चालायचं, आणि मग 'दोनदा टाकलं की चालतं' असा नियम लॅबभर पसरायचा. आमच्या तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घटातली धान्यं, पानसुपारी सकाळी कशी दिसतात यावरून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. लॅबमधलं एररचं वाचन बरंचसं त्याच वळणाचं होतं. भेंडवळला निदान पिढ्यान्‌पिढ्यांची रीत तरी आहे.

आता पॅकेज मॅनेजर. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: लग्नाला बोलावलेला आचारी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही म्हणता, पाचशे पानं, वांग्याची भाजी आणि रोडगे. तो यादी काढतो, कशाला काय लागतं हे त्याला पाठ असतं, वाणसामान आणतो आणि रांधून देतो. पॅकेज मॅनेजर हेच करतो. एक प्रोग्राम मागितला की त्याला लागणारे बाकीचे प्रोग्राम, त्यांना लागणारे आणखी, असं सगळं गोळा करून जागच्या जागी बसवतो. लिनक्सच्या जगात डेबियनवाल्यांनी १९९०च्या दशकात ही कला फार पुढे नेली. बीएसडी नावाच्या युनिक्सच्या भावकीत जॉर्डन हबर्ड यांनी १९९४च्या सुमारास 'पोर्ट्स' सुरू केलं: तयार पदार्थ देण्याऐवजी पाककृती द्यायची आणि ज्याच्या त्याच्या यंत्रावर ताजं रांधायचं.

हबर्ड २००१मध्ये ॲपल कंपनीत गेले. २००२मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मॅकसाठी डार्विनपोर्ट्स सुरू केलं, ज्याचं नाव २००६मध्ये मॅकपोर्ट्स झालं. त्याच्याही आधी, २०००च्या अखेरीस, फिंक नावाचा प्रकल्प आला होता. आणि २००९मध्ये मॅक्स हॉवेल यांनी होमब्रू लिहिलं, ज्यातल्या सगळ्या संज्ञा घरी बीअर गाळण्याच्या धंद्यातल्या आहेत: पाककृतीला फॉर्म्युला, साठवायच्या जागेला तळघर, आयत्या तयार मालाला बाटली. तिघांनी तीन चुली मांडल्या. फिंकने आपला संसार '/एसडब्ल्यू'मध्ये थाटला, मॅकपोर्ट्सने '/ऑप्ट/लोकल'मध्ये आणि होमब्रूने '/यूएसआर/लोकल'मध्ये. पहिल्या दोघांनी मुद्दाम गावाबाहेर घर बांधलं, कुणाशी भांडण नको म्हणून. तिसऱ्याने भर चौकात बांधलं, कारण ते ठिकाण पाथच्या यादीत आधीपासूनच होतं. वापरायला सगळ्यात सोपं तेच ठरलं, आणि जुन्या सामानाशी सगळ्यात जास्त कुरबुरीही तिथेच झाल्या.

तिघांची एक अडचण मात्र सारखी होती. आचारी पाककृती आणेल, सामान आणेल. चूल आणि कढई यजमानाची लागते. मॅकवर ही कढई म्हणजे ॲपलचे डेव्हलपर टूल्स. त्यात कंपायलर असतो, जो माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला चालेल अशा रूपात आणतो. हेडर फाइली असतात, 'मेक' असतं, पुढे 'गिट'ही आलं. हे सगळं एक्सकोड नावाच्या भल्यामोठ्या पेटाऱ्यातून येई. एक्सकोड २००३च्या अखेरीस आलं, आणि तेव्हा अवजारांची जागा साधी, लक्षात राहणारी होती: डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर 'डेव्हलपर' नावाचं फोल्डर. मॅक ओएस टेनच्या सुरुवातीपासून ती तिथेच होती. हजारो लोकांनी आपापल्या प्रोग्राममध्ये तो पत्ता लिहून टाकला. लिहिणारच. घर दहा वर्षं एका जागी असल्यावर कोण विचारतो, अजून तिथेच राहता ना म्हणून?

फेब्रुवारी २०१२मध्ये एक्सकोडची ४.३ ही आवृत्ती आली आणि ते घर रिकामं झालं. ॲप स्टोअरमधून मिळणारी वस्तू एकाच ॲपच्या पोटात असावी, अशी नवी रीत. त्याप्रमाणे अवजारं 'ॲप्लिकेशन्स'मधल्या एक्सकोडच्या आत, त्यातल्या 'कंटेंट्स'च्या आत, तिथल्या 'डेव्हलपर'मध्ये गेली. टर्मिनलवरून वापरायची सुटी अवजारं, ज्यांना कमांड लाइन टूल्स म्हणतात, ती वेगळी उतरवून घ्यायची झाली. आणि जगभरच्या पडद्यांवर एक निरोप येऊ लागला: '/डेव्हलपर' इथे अवजारांचं फोल्डर सापडलं नाही, 'एक्सकोड-सिलेक्ट' चालवून पत्ता बदला.

मला हा निरोप आवडतो. यात 'नाही' म्हटलेलं नाही. कुठे शोधलं ते सांगितलंय, पुढे काय करायचं तेही सांगितलंय. मॅकपोर्ट्सचा त्या काळातला इशाराही असाच सावध आहे: एक्सकोड बसवलेलं 'दिसत नाही', बहुतेक गोष्टी रांधताना बिघडतील. 'दिसत नाही' हे शब्द ज्याने निवडले त्याला माहीत होतं की आपल्याला फक्त एका खिडकीतून दिसतंय.

'एक्सकोड-सिलेक्ट' हे अवजार त्याआधीपासून होतं. एका यंत्रावर एक्सकोडच्या दोन आवृत्त्या ठेवणाऱ्यांना आज कोणती वापरायची ते सांगण्यासाठी. ते फार काही करत नाही. एका जागी एक पत्ता लिहून ठेवतं, आणि विचारलं की तो सांगतं. पण २०१२नंतर सगळा डोलारा त्या एका नोंदीवर उभा राहिला. नोंद चुकली की सगळं चुकलं. काहींनी हातघाईवर येऊन तिथे नुसता '/', म्हणजे अख्खी डिस्क, हाच पत्ता लिहिला. परिणाम असा की अवजार शोधून देणारा 'एक्सरन' हा प्रोग्राम तिथेच अडकून पडायचा, ना हो ना नाही. होमब्रूची 'डॉक्टर' नावाची आज्ञा आहे, ती प्रकृती तपासते. तिच्यात या एका प्रकारासाठी खास इशारा घालावा लागला. एकाच बिनडोक पत्त्यासाठी औषधाची वेगळी पुडी बांधावी लागली, यावरून साथ किती पसरली असेल ते ओळखा.

पेटाऱ्याच्या वजनाची तक्रार त्याआधीची. एक कंपायलर हवा म्हणून कित्येक जीबींचं एक्सकोड उतरवायचं हे अनेकांना पटत नव्हतं. केनेथ रीट्झ या तरुण प्रोग्रामरने २०११मध्ये त्यातला फक्त कंपायलर आणि गरजेपुरतं सामान काढून छोटं पॅकेज केलं आणि लोक त्यावर तुटून पडले. काही महिन्यांत ॲपलनेच सुटी अवजारं द्यायला सुरुवात केली. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना हीच आहे, कारण हा प्रश्न वजनाचा होता आणि वजन उचलणारे सगळे सारखे नव्हते. ज्याच्या घरात फायबर आहे त्याला आठ जीबी म्हणजे एक चहा. आमच्याकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक मारलेला असतो, त्यातला निम्मा दुपारपर्यंत घरातल्या कुणीतरी रील बघण्यात संपवलेला असतो, आणि रात्री उतरवायला लावलं तर दोन वाजता लाइट जाते.

२०१३मध्ये मॅव्हेरिक्स आवृत्तीबरोबर आणखी एक युक्ती आली. 'यूएसआर/बिन'मध्ये कंपायलरच्या, गिटच्या वगैरे नावाचे छोटे तोतये बसवले गेले. तुम्ही 'क्लँग' म्हटलं की आधी तोतया उठतो, निवडलेला पत्ता विचारतो, तिथला खरा क्लँग गाठतो आणि काम त्याच्याकडे देतो. पत्त्यावर कुणी नसेल तर खिडकी उघडून विचारतो, अवजारं उतरवू का? सोय मोठी झाली. पण यामुळे एक जुनी, भरवशाची तपासणी निकामी झाली. पूर्वी 'क्लँग कुठे आहे' विचारलं आणि उत्तर आलं की समजायचं, आहे. आता उत्तर येतं, कारण तोतया कायम हजर असतो. पाटी आहे, माणूस आहे की नाही ते दार वाजवल्याशिवाय कळत नाही. पुढे सप्टेंबर २०१८मध्ये मोहावी आलं आणि 'यूएसआर/इन्क्लूड' हे हेडर फाइलींचं ठिकाणही रिकामं झालं. युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेला पत्ता. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरची ती तक्रार, स्टडीआयओ सापडत नाही, चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर जशीच्या तशी परत आली.

हे सगळं मला पुस्तकातून कमी आणि लोकांच्या लॅपटॉपवरून जास्त कळलंय. मी घरून काम करतो. गावात 'कॉम्प्युटरवाला' अशी ओळख झाली की संध्याकाळी कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतं. गेल्या वर्षी ओळखीतली एक मुलगी आली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, पुण्याच्या कुणाकडून तरी सेकंड हँड लॅपटॉप घेतलेला, आणि तीन दिवसांनी तिची ऑनलाइन चाचणी होती. पास झाली तर घरून करता येणारं पगारी काम. चाचणीसाठी दोन-तीन प्रोग्राम बसवायला सांगितले होते. पॅकेज मॅनेजर म्हणत होता, डेव्हलपर टूल्स बसवलेले नाहीत. तिने ते बसवायची आज्ञा दिली तर यंत्र म्हणत होतं, आधीच बसवलेले आहेत, नवी आवृत्ती हवी तर अपडेटमध्ये बघा. अपडेटमध्ये काहीच नव्हतं.

"दादा, एक म्हन्ते नाई, दुसरं म्हन्ते हाये. आता मी कोनाचं आयकू?"

तहसीलमध्ये दाखला काढायला गेलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. एका खिडकीवर म्हणतात तुमची नोंदच नाही, दुसरीवर म्हणतात नोंद आहे म्हणून नवी करता येत नाही. खोटं कुणीच बोलत नसतं. दोन खिडक्यांवर दोन वेगळी रजिस्टरं असतात. इथेही तेच होतं. 'आधीच बसवलेले आहेत' म्हणणारा बघत होता की सुटी अवजारं त्यांच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये आहेत का. होती. 'नाहीत' म्हणणारा बघत होता की निवडलेल्या पत्त्यावर कुणी आहे का. नव्हतं.

या तीन दिवसांतला दीड दिवस तिने यूट्यूबवर बघून सगळं पुन्हा पुन्हा उतरवण्यात घालवला होता. आईच्या फोनचा डेटा संपला, भावाचा संपला. आणि ती ज्या निष्कर्षाला आली होती तो मला जास्त टोचला: हे आपल्यासारख्याचं काम नव्हे, शहरातल्या पोरांना जमतं. यंत्राच्या तोंडून आलेला 'नाही' तिने स्वतःबद्दलचा समजला होता. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या, पहिल्यांदाच कुणीतरी घरात लॅपटॉप आणलेल्या मुलांच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा बघतो. निरोप इंग्रजीत असतो, ठाम असतो आणि त्यात शंकेला जागा नसते. वाद घालायची सवय नसलेला माणूस तो शिक्कामोर्तब समजतो.

मी तिला नोंद वाचायला लावली. 'एक्सकोड-सिलेक्ट'ला निवडलेला पत्ता विचारायचा, एवढंच. उत्तर आलं ते 'ॲप्लिकेशन्स'मधल्या एक्सकोडच्या बीटा आवृत्तीचं. 'ॲप्लिकेशन्स' उघडून पाहिलं तर तिथे बीटा नाही आणि साधं एक्सकोडही नाही. आधीच्या मालकाने जागा मोकळी करायला ते उडवलं होतं, पण नोंद बदलायची राहिली. ते पुण्याच्या माणसाचं जुनं घर होतं आणि तिच्या यंत्राची सगळी टपाल अजून तिकडेच जात होती. मग आम्ही 'लायब्ररी'तल्या 'डेव्हलपर'मध्ये गेलो. कमांड लाइन टूल्स शांतपणे तिथे बसलेले. तिने एका ओळीत नोंद बदलली. आज्ञा तिनेच टाइप केली. पासवर्ड टाकताना अक्षरं उमटत नाहीत म्हणून थबकली, तेवढंच मला सांगावं लागलं. नवीन एक बाइटही उतरवावा लागला नाही.

दरवेळी इतकं सोपं नसतं. कधी पत्ता बरोबर असतो पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोठ्या अपडेटमध्ये त्या पत्त्यावरचं घर पाडलेलं असतं. तेव्हा खरंच पुन्हा उतरवावं लागतं. कधी अवजारं जुन्या आवृत्तीची राहिलेली असतात, तेव्हा ते फोल्डर काढून टाकून नव्याने मागवावं लागतं, कारण जोवर जुनं आहे तोवर खिडकीवरचा बाबू नवं देत नाही. कधी एक्सकोडचा परवाना मान्य केलेला नसतो आणि तेवढ्यासाठी कंपायलर मौन धरतो. कधी कुणी फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडलेली असते, आणि 'मेक'सारख्या जुन्या अवजारांना नावातली मोकळी जागा अजून पचत नाही. पण आधी नोंद वाचायची, मग प्रत्यक्ष जागा बघायची, मग काय उतरवायचं ते ठरवायचं. बहुतेक व्हिडिओ नेमके उलट्या क्रमाने जातात. डेटा फुकट असणाऱ्या माणसाने बनवलेला सल्ला असाच असणार.

चाचणी तिने दिली. काम मिळालं ते त्या कंपनीत नाही, दुसरीकडे, पाच महिन्यांनी. तिच्यामागून तिच्या वर्गातली आणखी दोघं आली, त्यातल्या एकाकडे कोरा करकरीत लॅपटॉप होता, ॲपलच्या स्वतःच्या चिपचा. त्याची तक्रार वेगळीच होती.

त्यासाठी शेवटचं एक स्थलांतर सांगायला हवं. २०२०च्या अखेरीस नव्या चिपचे मॅक आले, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये होमब्रूने आपल्या ३.० आवृत्तीत त्यांना अधिकृतपणे सामावून घेतलं. जुन्या चिपचं सामान आणि नव्या चिपचं सामान एकाच फोल्डरमध्ये मिसळलं असतं तर गोंधळ झाला असता, म्हणून नव्या यंत्रांवर घर बदललं: '/ऑप्ट/होमब्रू'. म्हणजे ज्याने २००९मध्ये भर चौकात जागा धरली होती तोही शेवटी इतर दोघांसारखा गावाबाहेर गेला. आणि हा नवा पत्ता पाथच्या यादीत आपोआप नसतो. त्या मुलाने सगळं नीट उतरवलं होतं, अवजारं जागेवर होती, नोंद बरोबर होती. तरी 'ब्रू' टाइप केलं की शेल म्हणत होता, अशी आज्ञा सापडत नाही. सामान शोधून आणणारा स्वतःच हरवला होता. स्थापना संपताना होमब्रू पडद्यावर 'पुढची पावलं' म्हणून दोन-तीन ओळी छापतो, त्या टर्मिनलमध्ये चालवा म्हणजे यादीत माझं नाव येईल असं सांगतो. पानभर इंग्रजी मजकुराच्या तळाशी त्या असतात. त्याने टर्मिनल वर सरकवत नेलं, ओळी तिथेच होत्या.